‘करीत होता’ आणि ‘करून राहिला होता’

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची भूतकाळाशी पहिली ओळख एका समीकरणातून होते. ‘त्याने काम केले’ म्हणजे ‘ही वर्क्ड’. ‘तो काम करीत होता’ म्हणजे ‘ही वॉज वर्किंग’. पहिला साधा भूतकाळ, दुसरा अपूर्ण अथवा चालू भूतकाळ. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्यांचे इंग्रजी पोसले गेले त्यांच्यापुढे भाषांतर हीच शिकण्याची वाट होती. पुढे पद्धती बदलल्या. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून सुरू झाले; संवादांचे आणि कृतींचे धडे आले. तथापि दोन भूतकाळांपैकी कोणता योजावा असा प्रश्न उभा राहिला की शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही याच समीकरणाकडे वळतात. ते सोपे आहे, पाठ करण्यास सुलभ आहे, आणि दहांपैकी सहा-सात वाक्यांत ते खरेही ठरते. उरलेल्या तीन-चार वाक्यांत ते का फसते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो तपासताना चंद्रपूर जिल्ह्यातील माजरी या कोळशाच्या गावची मराठी बोली साक्षीला घेतली आहे. कारण प्रमाण मराठीत जो भेद झाकला गेला आहे तो या बोलीत उघडा आहे.

प्रथम समीकरण फसते कोठे ते पाहू. ‘माझे वडील माजरीच्या खाणीत काम करीत होते’ हे अगदी साधे मराठी वाक्य आहे. वडिलांनी तीस वर्षे नोकरी केली, ते निवृत्त झाले, इतकाच त्याचा आशय. विद्यार्थी समीकरण लावतो आणि लिहितो, ‘माय फादर वॉज वर्किंग इन माजरी कोलियरी’. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात एकही अक्षर चुकलेले नाही. परंतु इंग्रजी वाचणाऱ्याच्या मनात ते वाक्य पुरे होत नाही. वडील काम करीत होते, आणि मग काय झाले, अशी अपेक्षा तो धरून बसतो. किंवा ती नोकरी तात्पुरती होती असा ग्रह करून घेतो. तीस वर्षांच्या सेवेला इंग्रजीत ‘वर्क्ड’ हे साधे रूपच शोभते. ‘आम्ही पूर्वी वणीला राहत होतो’ याचीही तीच गत. तेथेही ‘लिव्ह्ड’ हवे. ‘मी त्यांना चांगले ओळखत होतो’ हे वाक्य तर ‘आय वॉज नोइंग हिम’ असे रूप घेऊन उभे राहते आणि येथे मात्र इंग्रजी सरळ नकार देते.

या शेवटच्या प्रकारच्या वाक्याची टिंगल भारतीय इंग्रजीच्या वाङ्मयात भरपूर झाली आहे. निस्सिम इझिकेल (१९२४–२००४) यांनी भारतीय इंग्रजीच्या ढंगात ज्या विनोदी कविता लिहिल्या त्यांत ‘-इंग’ रूपांची अशी रेलचेल आहे. इझिकेल हे मुंबईच्या बेने इस्रायल समाजातले. या समाजाची घरची भाषा मराठी. इंदिरा संतांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादातही त्यांचा हात होता. त्यांच्या विनोदाविषयी येथे तक्रार नाही. परंतु विनोदामुळे एक गैरसमज पक्का झाला आहे, तो असा की ही रूपे अर्धवट शिक्षणातून येतात आणि त्यांना काही नियम नाही. नियम आहे, तो चुकलेला आहे, परंतु विद्यार्थी तो इमानाने पाळतो. जेथे जेथे मराठीत ‘-त होता’ येते तेथे तेथे तो ‘वॉज -इंग’ बसवितो. तेव्हा दोष शोधावयाचा तो विद्यार्थ्यात नव्हे, समीकरणात शोधला पाहिजे.

समीकरण फसते हे शिक्षकांच्या ध्यानात येत नाही असे नाही. म्हणून त्याला एका स्पष्टीकरणाची जोड दिली जाते: जी क्रिया बराच वेळ चालते ती चालू भूतकाळात सांगावी, जी चटकन होते ती साध्या भूतकाळात. हे स्पष्टीकरण मूळ समीकरणापेक्षाही घातक आहे. खाणीतली तीस वर्षांची नोकरी हा काही थोडा वेळ नव्हे. तरी ती ‘वर्क्ड’मध्ये मावते. उलट, माजरी जंक्शनवर गाडी सुटावयास काही क्षण लागतात, पण ‘मी पोचलो तेव्हा गाडी सुटत होती’ हे इंग्रजीत ‘वॉज लीव्हिंग’नेच सांगावे लागते. क्रिया किती वेळ चालली याचा या निवडीशी संबंध नाही. बोलणारा त्या क्रियेकडे कोठून पाहतो, याच्याशी संबंध आहे. गाडी सुटण्याची क्रिया तो आतून पाहत असेल, म्हणजे तिचा आरंभ मागे पडला आहे आणि शेवट अजून दृष्टीस पडलेला नाही अशा क्षणी उभा असेल, तर एक रूप. तीच क्रिया बाहेरून, आरंभ आणि शेवट यांसह एक अखंड घटना म्हणून पाहत असेल, तर दुसरे. ‘मी पोचलो तेव्हा गाडी सुटली’ असे म्हटले की पोचणे आणि सुटणे या एकापाठोपाठच्या दोन घटना होतात. ‘सुटत होती’ म्हटले की पोचण्याचा क्षण सुटण्याच्या पोटात पडतो. ऑटो येस्पर्सन या डेन्मार्कच्या पंडिताने आपल्या आधुनिक इंग्रजी व्याकरणाच्या १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या भागात यास चौकटीची उपमा दिली आहे. चालू रूपाने सांगितलेली क्रिया ही दुसऱ्या एखाद्या क्षणाभोवतीची चौकट असते. उपमा समर्पक आहे आणि वर्गात ती सहज सांगता येते; वेळेच्या लांबीरुंदीपेक्षा तिने विद्यार्थ्याचे अधिक काम होईल.

काळ म्हणजे क्रिया केव्हा घडली, आणि क्रियाव्याप्ती म्हणजे ती पूर्ण दिसते की अपूर्ण; या दोन गोष्टी भिन्न आहेत. ‘सुटली’ आणि ‘सुटत होती’ यांत काळाचा भेद नाहीच, दोन्ही भूतकाळ. भेद क्रियाव्याप्तीचा आहे. येथवर मराठी आणि इंग्रजी यांच्यात विरोध नाही. विरोध सुरू होतो तो अपूर्ण या कल्पनेच्या पोटात. बर्नार्ड कॉम्री यांनी १९७६ सालच्या आपल्या क्रियाव्याप्तीवरील ग्रंथात अपूर्णाचे जे पोटभेद पाडले आहेत ते येथे उपयोगी पडतात. अपूर्ण क्रिया दोन तऱ्हांची असू शकते. एक, सवयीची किंवा नित्याची: तो रोज खाणीत जाई. दुसरी, त्या क्षणी प्रत्यक्ष चाललेली: तो खाणीत जावयास निघाला होता, वाटेत होता. काही भाषा या दोहोंसाठी एकच रूप वापरतात. काही भाषा दुसरीसाठी स्वतंत्र रूप राखून ठेवतात. इंग्रजीचे ‘वॉज -इंग’ हे असे राखीव रूप आहे. ते प्रत्यक्ष चाललेल्या क्रियेपुरतेच आहे, आणि त्यातही ‘जाणणे’, ‘असणे’, ‘मालकीचे असणे’ अशा ज्या क्रियापदांतून कृती नव्हे तर स्थिती सांगितली जाते त्यांना ते सहसा लागत नाही. स्थिती आणि कृती यांतला हा भेद झेनो व्हेंडलर यांच्या १९५७ सालच्या निबंधापासून भाषाशास्त्रात सर्वपरिचित आहे.

प्रमाण मराठीचे ‘-त होता’ याच्या उलट आहे. ते ऐसपैस आहे. ‘तो जेवत होता, इतक्यात हाक आली’ यात प्रत्यक्ष चाललेली क्रिया आहे. ‘तो त्या काळी एकदाच जेवत होता’ यात सवय आहे. ‘तो मला ओळखत होता’ यात स्थिती आहे. तिन्ही वाक्ये निर्दोष आहेत, आणि तिन्हींत रूप एकच. सवयीसाठी मराठीत ‘जेवी’, ‘जेवत असे’, ‘जेवायचा’ ही रूपे आहेत हे खरे. परंतु ती असल्यामुळे ‘जेवत होता’ने सवयीवरचा आपला हक्क सोडलेला नाही. ‘जेवी’ हे रूप तर आज लेखनातच बहुतेक उरले आहे. म्हणजे शाळेत ‘अपूर्ण’ आणि ‘चालू’ हे जे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात ते वस्तुतः दोन भिन्न गोष्टींची नावे म्हणून वापरावयास हवेत. मराठीचा ‘करीत होता’ हा अपूर्ण भूतकाळ आहे. इंग्रजीचा ‘वॉज डुइंग’ हा चालू भूतकाळ आहे. पहिल्याच्या पोटात दुसरा मावतो. दुसऱ्याच्या पोटात पहिला मावत नाही.

हा घोटाळा केवळ इंग्रजीच्या वर्गातला नाही. त्याची मुळे मराठी व्याकरणाच्या परंपरेत आहेत. दादोबा पांडुरंग यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी इंग्रजी व्याकरणाचा आराखडा समोर होता आणि त्यातल्या काळांच्या खणांत मराठीची रूपे भरणे स्वाभाविक होते. खण इंग्रजीचे आणि माल मराठीचा असे झाले की नावे सारखी दिसतात आणि मालही सारखा आहे असे वाटू लागते. मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ साली आले. क्रियापदाच्या रूपांना काळाची नावे देण्याऐवजी प्रत्ययावरून नावे देण्याची पद्धत त्यांनी अवलंबिली: ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ई-आख्यात इत्यादी. हे नामकरण आज विद्यार्थ्यांना रुक्ष आणि निरुपयोगी वाटते. स्पर्धापरीक्षेच्या तयारीत ते पाठ केले जाते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. परंतु त्यामागची दृष्टी शास्त्रशुद्ध आहे. एक रूप म्हणजे एक काळ नव्हे, हे त्यात गृहीत आहे. लाख्याताचेच पाहा. ‘मी आलो’ हे भूतकाळाचे रूप. पण दारावर हाक आली की आतून ‘आलो, आलो!’ असे उत्तर येते तेव्हा येणे व्हावयाचेच असते. आभाळ काळे झाले की अंगणातले वाळवण उचलताना ‘पाऊस आला’ म्हणतात, एकही थेंब पडलेला नसतो. ‘आलो’ला भूतकाळ हे नाव देऊन मोकळे झालेला विद्यार्थी येथे गोंधळेल, लाख्यात म्हणणारा गोंधळणार नाही. पुढे मो. रा. वाळंबे यांच्या सुगम व्याकरणाने हा आख्यातविचार शाळांपर्यंत नेला. परंतु शाळेत टिकली ती साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती ही चौपदरी काळव्यवस्थाच. ती वाईट आहे असे नव्हे. मराठीच्या व्यवहारात तिने फारसे नुकसान केलेले नाही, कारण मराठी बोलणाऱ्यास मराठी बोलण्यासाठी व्याकरणाची गरज नसते. नुकसान होते ते तिचा पूल करून इंग्रजीत उतरताना.

आता माजरीकडे वळू. भद्रावती तालुक्यातले हे गाव वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या कोळशावर वसलेले आहे. कोळशाच्या खाणी १९७३ साली राष्ट्रीयीकृत झाल्या आणि १९७५ पासून येथल्या खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडकडे आहेत. गाव रेल्वेचे जंक्शन आहे; नागपूर–बल्लारशाह हा मोठा मार्ग येथून जातो आणि वणी, आदिलाबादकडचा फाटा येथेच फुटतो. खाण आणि रेल्वे जेथे एकत्र येतात तेथे माणसेही दहा दिशांची येतात. त्यामुळे येथल्या वसाहतीत मराठीखेरीज हिंदी, तेलुगू आणि छत्तीसगढी सहज कानी पडतात. जिल्ह्यात गोंडी आहेच. स्थानिक मराठी ही नागपुरी–वऱ्हाडी वळणाची. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात, जो मराठीस वाहिलेला आहे, या वळणांची नोंद केलेली आहे. पूर्वेकडे गेल्यावर जी झाडीबोली लागते तिचा विचार येथे केलेला नाही.

या मराठीत ‘तो काय करतो आहे?’ असे कोणी विचारीत नाही. ‘तो काय करून राहिला?’ असे विचारतात. बोलताना ‘राहिला’चे ‘रायला’ होते. ‘तो जेवून राहिला’ म्हणजे या क्षणी जेवतो आहे. त्याला ‘होता’ जोडले की भूतकाळ: ‘मी गेलो तवा तो जेवून राहिला होता.’ पुण्यामुंबईच्या कानाला हे वाक्य ऐकताना हसू येते, कारण तिकडे ‘जेवून राहिला’ म्हणजे जेवण उरकले आणि मुक्कामास थांबला. तथापि या रचनेचे बी प्रमाण मराठीतही आहे. ‘बसून राहिला’, ‘पडून राहिला’, ‘टिकून राहिला’ ही रूपे सर्वत्र चालतात आणि त्यांत ‘राहणे’ हे मुक्काम करणे या अर्थाने नाही, एका अवस्थेत चालू असणे या अर्थाने आहे. विदर्भाच्या मराठीने, हिंदीच्या ‘कर रहा है’चा सहवास लाभल्यामुळे, हे बी वाढवून त्याचे पूर्ण रूप बनविले. साहित्य मराठीचे, ‘-ऊन’ हा प्रत्यय मराठीचा. घडण हिंदीच्या शेजाराची.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ‘करून राहिला होता’ आले म्हणून ‘करत होता’ गेले नाही. दोन्ही रूपे नांदतात आणि त्यांनी आपापसांत कामाची वाटणी केली आहे. ‘माझे बाबा खाणीत काम करत होते, आता रिटायर झाले’ यात ‘करत होते’च येते. ‘खाणीत काम करून राहिले होते’ असे म्हटले की ऐकणारा विचारतो, कधी? कोणत्या वेळेला? म्हणजे ते वाक्य एका क्षणाभोवतीची चौकट झालेले असते. ‘मी त्याले ओळखत होतो’ म्हणतात. ‘ओळखून राहिलो होतो’ म्हणत नाहीत. ‘आम्ही वणीले राहत होतो’ हे कायमच्या वास्तव्यासाठी चालते. त्या जागी ‘राहून राहिलो होतो’ बसत नाही. येस्पर्सनची चौकट आणि कॉम्रीची पोटविभागणी माजरीच्या मुलाच्या जिभेवर आहे. इंग्रजीच्या दोन भूतकाळांपैकी ‘वॉज वर्किंग’ कोठे आणि ‘वर्क्ड’ कोठे, हे त्याला त्याच्या बोलीने बहुतांशी अगोदरच शिकविलेले असते.

असे असता तोच मुलगा ‘माय फादर वॉज वर्किंग’ का लिहितो? कारण शाळेने त्याच्याकडून ते समीकरण ‘करीत होता’वर करून घेतले, ‘करून राहिला होता’वर नव्हे. शाळेत प्रवेश करताना त्याने आपले चालू भूतकाळाचे रूप दाराबाहेर ठेवावयाचे असते. मराठीच्या तासाला ‘करून राहिला’ला लाल रेघ बसते, आणि मराठी लेखनाच्या दृष्टीने ती बसणे समजण्यासारखे आहे, प्रमाण लेखनाचे संकेत शिकविणे हे शाळेचे काम आहे. परंतु इंग्रजीच्या तासालाही तीच रेघ मागोमाग येते. त्या तासाला मराठीची गरज केवळ अर्थ उलगडण्यासाठी असते, आणि अर्थ उलगडण्याच्या कामी जे रूप अधिक नेमके ते टाकून जे ऐसपैस ते पुढे केले जाते. विसंगती येथेच संपत नाही. माजरीच्या वर्गात बसलेल्या हिंदी भाषक मुलाजवळ ‘करता था’ आणि ‘कर रहा था’ हा भेद आहे. तेलुगू भाषक मुलाजवळ भूतकाळातल्या सवयीसाठी ‘चेसेवाडु’ असे वेगळे रूप आहे. स्थानिक मराठी मुलाजवळ ‘करत होता’ आणि ‘करून राहिला होता’ आहे. वर्गातल्या साऱ्या भाषा जो भेद करतात तो न करणारे एक रूप निवडून त्याच्यावर इंग्रजीचा पूल बांधलेला आहे.

अशुद्धतेचा आक्षेप येथे नेहमी घेतला जातो, म्हणून त्याविषयी चार शब्द. इंग्रजीचे ‘वॉज डुइंग’ हे काही अनादि नाही. त्याचा आजचा प्रसार मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतला. ‘घर बांधले जात होते’ हे सांगावयास पूर्वी इंग्रजीत ‘द हाउस वॉज बिल्डिंग’ म्हणत. ‘वॉज बीइंग बिल्ट’ हे रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागले आणि एकोणिसाव्या शतकात त्यावर शुद्धतावाद्यांनी मोठा गहजब केला, ते अडाण्यांचे आणि ओबडधोबड म्हणून त्याची निर्भर्त्सना केली. आज तेच रूप माजरीच्या मुलाला परीक्षेसाठी पाठ करावे लागते. एका भाषेत नव्या चालू रूपाची प्रतिष्ठापना झाली, दुसरीत ती अद्याप बोलीपुरती आहे. घडण्याची प्रक्रिया दोहोंकडे एकाच जातीची आहे. बोली आहे म्हणून तिच्यात व्यवस्था कमी असते, हा समज भाषाशास्त्राने केव्हाच मोडीत काढला आहे, पण तो शाळेच्या आवारात अजून सुखाने वावरतो.

हा सारा प्रश्न दोन-चार गुणांचा आहे असे कोणास वाटेल. खाणीच्या गावात तो तेवढ्यावर थांबत नाही. खाणीत अपघात झाला की कायद्यानुसार त्याची सूचना द्यावी लागते, चौकशी होते, साक्षी नोंदल्या जातात. साक्ष देणारा मराठीत किंवा हिंदीत बोलतो. कागद वर जातो तो पुष्कळदा इंग्रजीत. समजा, उघड्या खाणीत मागे येणाऱ्या डंपरखाली माणूस सापडला आणि साक्षीदाराने सांगितले, ‘माणसे डंपरच्या मागून जात होती.’ उदाहरण कल्पित आहे, पण वाक्य रोजचे आहे. त्याचे दोन अर्थ होतात. एक, अपघाताच्या क्षणी माणसे मागून चालली होती. दुसरा, माणसे नेहमीच मागून जात, ती तेथली वहिवाट होती. पहिल्या अर्थाने चूक त्या दिवशीच्या त्या माणसांची ठरते. दुसऱ्या अर्थाने प्रश्न निर्माण होतो की ही वहिवाट इतके दिवस चालू कशी दिली गेली, पर्यायी वाट का काढली नाही, देखरेख करणारे कोठे होते. ‘मेन वेअर पासिंग बिहाइंड द डंपर’ असे भाषांतर झाले की दुसरा अर्थ त्या कागदावरून पुसला जातो, आणि तो पुसला गेला हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण समीकरणाप्रमाणे भाषांतर बिनचूक आहे. सवयीचा अर्थ असेल तर इंग्रजीत ‘यूज्ड टु पास’ किंवा कालावधी सांगून साधे ‘पास्ड’ हवे. साक्षीदार स्थानिक असेल आणि त्याला त्याच्या बोलीत बोलू दिले असेल तर शंकेला जागा फार कमी राहते: त्या क्षणाची गोष्ट असेल तर तो ‘जाऊन राहिले होते’ म्हणेल, वहिवाटीची असेल तर ‘जात होते’ किंवा ‘जायचे’. पण सरकारी माणसापुढे उभा राहिलेला साक्षीदार शाळेत शिकलेली ‘शुद्ध’ मराठी बोलू पाहतो, आणि ज्या एका जागी त्याची बोली त्याच्या बाजूने साक्ष देणारी असते तेथेच तो ती आवरून घेतो. भाषांतर करणाऱ्याने अशा वाक्यापुढे थांबून ‘तेव्हाच की नेहमी?’ एवढे विचारले पाहिजे. हे विचारण्यासाठी कायद्याचे ज्ञान लागत नाही. ‘-त होता’ ऐसपैस आहे एवढे ठाऊक असावे लागते.

वर्गापुरते बोलावयाचे तर बोलीचा आधार कसोटी म्हणून सहज घेता येतो. विद्यार्थ्याच्या मनात ‘-त होता’ असलेले वाक्य आले की त्याने ते मनातल्या मनात ‘-ऊन राहिला होता’ असे करून पाहावे. वाक्य तसेच टिकले तर ‘वॉज -इंग’; मोडले किंवा अर्थ पालटला तर साधा भूतकाळ. ‘मास्तर शिकवत होते, मी खिडकीबाहेर पाहत होतो’: ‘शिकवून राहिले होते’, ‘पाहून राहिलो होतो’, टिकले. ‘आमचे मास्तर छान शिकवत होते, पुढे त्यांची बदली झाली’: ‘छान शिकवून राहिले होते’ म्हणताच बदलीचा हुकूम तास चालू असतानाच येऊन धडकल्यासारखे वाटते, म्हणून ‘टॉट’. या कसोटीत एक गंमत अशी की इंग्रजीच्या काही बारीक छटाही तिला पेलतात. ‘त्या आठवड्यात मी पायी जाऊन राहिलो होतो, सायकल बिघडली होती’ असे बोलीत म्हणता येते, आणि इंग्रजीतही त्या तात्पुरत्या सवयीला ‘वॉज वॉकिंग’च शोभते.

कसोटी सर्वत्र चालत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. मन आणि इंद्रिये यांच्या क्रियापदांत बोली इंग्रजीपेक्षा सैल आहे. ‘मले वाटून राहिलं होतं’, ‘धुळीत काही दिसून नव्हतं राहिलं’, ‘गणित समजून नव्हतं राहिलं’ ही बोलीतली शुद्ध वाक्ये आहेत. त्यांच्यावरून ‘आय वॉज नॉट अंडरस्टँडिंग’ किंवा ‘आय वॉज नॉट सीइंग’ असे बनविले तर जुनी चूक नव्या दाराने आत येते. इंग्रजी येथे ‘कुड नॉट अंडरस्टँड’, ‘कुड नॉट सी’ अशा शक्यतेच्या रूपांचा आश्रय घेते. वाटणे, दिसणे, समजणे, ऐकू येणे, आठवणे: ही क्रियापदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि मराठीत त्यांची खूणही ठरलेली आहे. त्यांचा अनुभव घेणारा वाक्यात कर्ता म्हणून येत नाही. ‘मले’, ‘त्याले’ असा चतुर्थीत येतो. ज्या वाक्यात ‘मले’ आहे तेथे कसोटी लावावयाची नाही, एवढे सांगितले की पुरे. ‘आवडणे’ही याच कुळातले. ‘मले तिचं गाणं आवडत होतं’ याचे ‘आय लाइक्ड हर सिंगिंग’ होते आणि ते ‘आवडून राहिलं होतं’ असे म्हणून पाहण्याची वेळच येत नाही. शिल्लक राहते ते इंग्रजीचे ‘ही वॉज ऑलवेज कंप्लेनिंग’ हे रागाचे वाक्य, ज्यात सवय असूनही चालू रूप येते. बोलीत त्याला ‘तो नुसता कुरकुर करून राहिला होता’ असे म्हणतात, आणि ‘नुसता’ या एका शब्दात तो राग उतरलेला असतो.